अतिसार : एका आजाराची अनेक नावे

भाषा ही माणसाला लाभलेली मोठी देणगी आहे. परंतु काही शब्द असे असतात, की ते प्रत्येकाला ठाऊक असूनही चारचौघांत उच्चारायला जीभ धजत नाही. 'अतिसार' या आजाराची आपल्या बोलीतील नावे या प्रकारात मोडतात. रजेच्या अर्जात 'प्रकृती अस्वास्थ्यामुळे' असे लिहिले जाते, पाहुण्यांना 'जरा पोट बिघडले आहे' असे सांगितले जाते, आणि दवाखान्यात डॉक्टरांसमोर 'कसेतरीच होते आहे' एवढेच तोंडून निघते. असा संकोच सभ्यपणाचा मानला जातो. मात्र त्यामुळे औषधोपचारास उशीर झाला, तर त्याची किंमत रुग्णाला, विशेषतः लहान मुलाला, मोजावी लागते. म्हणून या शब्दाचा अर्थ, त्याची भावंडे आणि त्यांचा योग्य उपयोग यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. आपल्या धम्मवाङ्मयातही या आजाराला फार महत्त्वाचे स्थान आहे, हे पुढे दिसून येईल.

१. शब्दाची फोड

'अतिसार' हा संस्कृत शब्द 'अति' हा उपसर्ग आणि 'सृ' हा धातू यांपासून झाला आहे. 'सृ' म्हणजे सरणे, वाहणे. ज्यात शरीरातील द्रव प्रमाणाबाहेर वाहून जातो तो अतिसार. आजाराचे खरे संकट काय आहे, हे या नावातच सांगून ठेवले आहे. पोट दुखते, वारंवार उठावे लागते, हा त्रास आहेच. पण जीवावर बेतते ते शरीरातील पाणी वाहून गेल्यामुळे.

आयुर्वेदाच्या ग्रंथांत या रोगाला स्वतंत्र अध्याय आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात अतिसाराचे सहा प्रकार सांगितले आहेत. वात, पित्त आणि कफ यांचे तीन, तिन्ही दोष एकत्र आल्याने होणारा एक, आणि उरलेले दोन भयामुळे व शोकामुळे होणारे. परीक्षेच्या दिवशी सकाळी ज्या विद्यार्थ्याला दोनतीनदा धावावे लागते, त्याला 'भयातिसार' हा शब्द वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही!

अतिसाराशी नेहमी गल्लत होणारा शब्द म्हणजे 'अजीर्ण'. 'जीर्ण' म्हणजे पचलेले, झिजलेले; जे पचले नाही ते अजीर्ण. जड जेवणानंतर पोट फुगणे, आंबट ढेकर येणे हे अजीर्ण झाले. त्यातून पुढे जुलाब होऊ शकतात, पण अजीर्ण म्हणजे अतिसार नव्हे. अजीर्ण हा शब्द आपण लाक्षणिक अर्थानेही वापरतो. पैशाचे अजीर्ण होते, वाचनाचे अजीर्ण होते. 'अतिसार' मात्र आजाराचेच नाव राहिला.

२. आपल्या बोलीतील शब्द

अतिसार हा पुस्तकातला शब्द झाला. घरात आणि गावात आपण जे शब्द वापरतो, त्यांतील प्रत्येकाची स्वतःची अर्थछटा आहे.

हगवण : 'हगणे' या क्रियापदापासून आलेला हा शब्द आहे. मूळ संस्कृत धातू 'हद्'. हा शब्द अशिष्ट मानला जातो, परंतु तो सर्वांत स्पष्ट आहे. ज्या शब्दाला पांढरपेशा समाज नाक मुरडत असे, त्याच कुळातील 'हागणदारीमुक्त गाव' हा शब्द पुढे शासकीय फलकांवर वेशीवेशीवर झळकला. शब्द घाण नसतो; घाण दूर करायची तर तिचे नाव घ्यावेच लागते.

जुलाब : या शब्दाचा प्रवास मोठा गमतीचा आहे. फारसीतील 'गुलाब', म्हणजे गुलाबपाणी, हा शब्द अरबीत 'जुलाब' झाला आणि गोड औषधी पेयाला लावला जाऊ लागला. आपल्याकडे तो पोट साफ करणाऱ्या औषधाचे नाव झाला आणि पुढे त्या औषधाच्या परिणामाचेही. त्यामुळे मराठीत 'जुलाब घेणे' आणि 'जुलाब होणे' हे दोन वेगळे प्रकार आहेत. पहिल्यात माणूस औषध घेतो, दुसऱ्यात त्याला आजार होतो. 'जुलाबाचे औषध द्या' असे औषधाच्या दुकानात म्हटल्यास दुकानदाराने पोट साफ करणारे द्यावे की थांबवणारे, हा प्रश्नच आहे. अशा वेळी 'जुलाब होत आहेत' असे स्पष्ट वाक्य बोलावे.

ढाळ आणि रेच : 'ढाळणे' म्हणजे ओतणे, खाली सोडणे, त्यावरून 'ढाळ'. 'रेच' हा संस्कृत 'रिच्', म्हणजे रिकामे करणे, या धातूपासून झाला. 'रेचक' म्हणजे पोट रिकामे करणारे औषध. या दोन्ही शब्दांतही औषध आणि आजार यांची सरमिसळ आढळते.

आव आणि मुरडा : 'आव' हा शब्द 'आम', म्हणजे न पचलेले, यापासून आला आहे. शौचातून शेंबडासारखा चिकट पदार्थ पडतो त्याला आव म्हणतात. सोबत रक्त असल्यास 'रक्ती आव'. पोटात पीळ पडून वारंवार कुंथावे लागते, तो 'मुरडा'. साधे पाण्यासारखे जुलाब आणि आव यांत मोठा फरक आहे. त्याचा विचार पुढे येईल.

संग्रहणी : हा बराच काळ रेंगाळणारा विकार. चार दिवसांच्या जुलाबाला संग्रहणी म्हणू नये.

याशिवाय 'परसाकडे लागणे', 'बहिर्दिशेला जाणे', 'मोशन होणे' असे आडपडद्याचे प्रयोग आहेतच. परस म्हणजे घरामागचे आवार. आवार गेले, चाळी आणि इमारती आल्या, तरी 'परसाकडे' हा शब्द टिकून राहिला!

३. मोडशी, पटकी आणि मरीआई

'मोडशी' हा शब्द आता मागे पडला आहे, पण त्याने जगप्रवास केला आहे. गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्टा याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या ग्रंथात उलटी-जुलाबाच्या भयंकर रोगाचे वर्णन केले आणि त्याचे स्थानिक नाव नोंदवले. मराठी-कोकणीतील 'मोडशी' पोर्तुगिजांच्या तोंडी 'मोर्देशी' झाली आणि फ्रेंचांनी तिचे 'मोर्त द शिएँ', म्हणजे 'कुत्र्याचे मरण', असे रूप करून टाकले. उच्चारसाम्यावरून झालेला हा अपभ्रंश खरा, पण रोगाची दहशत त्यात पुरेपूर उतरली आहे. पटकी, महामारी, कॉलरा ही याच रोगाची पुढची नावे.

आणखी एक नाव आपल्या समाजाच्या जुन्या जीवनाशी जोडलेले आहे. खेड्यापाड्यांत पटकीची साथ आली की 'मरीआई कोपली' असे म्हणत. मरीआईचा गाडा गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडायचा, पोतराजाने अंगावर आसूड ओढायचे, कोंबडे-बकरे द्यायचे, हा त्यावरचा उपाय समजला जाई. अनेक ठिकाणी मरीआईचे ठाणे गावकुसाबाहेरच्या वस्तीजवळ असे आणि या सेवेचा भारही त्याच वस्तीवर पडे. मुंबईत साकीनाक्याजवळच्या 'जरीमरी' या वस्तीच्या नावात अशाच देवीची आठवण शिल्लक आहे.

रोगाला काय नाव दिले, यावर त्याचा उपाय ठरतो. नाव 'देवीचा कोप' असेल तर उपाय नवस होतो. नाव 'दूषित पाण्यातून होणारा रोग' असेल तर उपाय पाणी उकळणे हा होतो. १८५४ साली लंडनमध्ये जॉन स्नो या डॉक्टराने कॉलऱ्याचे रोगी एका विशिष्ट पंपाचे पाणी पिणारे आहेत हे दाखवून दिले. १८८४ साली रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यातील संशोधनाने कॉलऱ्याचा जंतू निश्चित केला. १९५९ साली कलकत्त्याचेच डॉ. शंभुनाथ डे यांनी हा जंतू आतड्यात विष सोडतो व त्यामुळे शरीरातील पाणी बाहेर पडते, हे सिद्ध केले. कोप कोणाचाच नव्हता. दोष पाण्याचा होता.

आणि पाणी म्हटले की महाड आठवल्याशिवाय राहत नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. तो लढा पाण्याच्या चवीसाठी नव्हता, माणुसकीच्या हक्कासाठी होता, हे आपण जाणतोच. परंतु ज्यांना सार्वजनिक विहिरी आणि तळी बंद होती, त्यांना मिळेल ते पाणी प्यावे लागे, आणि गढूळ पाण्याबरोबर रोगही घरात येत, हेही विसरून चालणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धम्मदीक्षा घेताना आपल्या समाजाने जुन्या देवदेवता सोडल्या. त्यात मरीआईचा गाडाही सुटला. रोगाकडे कार्यकारणभावाने पाहणे, हे त्या दीक्षेचेच एक फळ आहे.

४. पालि वाङ्मयातील उल्लेख

कार्यकारणभावाची ही दृष्टी तथागतांच्या शिकवणुकीत प्रथमपासून आहे. अंगुत्तर निकायातील गिरिमानन्द सुत्तात शरीराला होणाऱ्या रोगांची लांबलचक यादी येते. त्यात 'कुच्छिरोग' म्हणजे पोटाचा रोग, 'पक्खन्दिका' म्हणजे अतिसार, 'सूला' म्हणजे पोटशूळ आणि 'विसूचिका' म्हणजे उलटी-जुलाबाचा तीव्र विकार, अशी नावे इतर रोगांच्या बरोबरीने घेतली आहेत. त्यांत कोठेही लाज नाही, आडपडदा नाही.

महापरिनिब्बान सुत्तानुसार स्वतः भगवान बुद्धांचा अखेरचा आजार हा 'लोहितपक्खन्दिका' होता. 'लोहित' म्हणजे रक्त आणि 'पक्खन्दिका' म्हणजे जोराने बाहेर पडणे, अर्थात रक्तातिसार. पावा येथे चुन्द या धातुकाम करणाऱ्या उपासकाकडे भोजन झाल्यावर त्यांना हा तीव्र आजार झाला. त्या वेदना सहन करीत ते कुशिनाऱ्याकडे चालत निघाले. वाटेत त्यांनी आनंदाकडे प्यायला पाणी मागितले. नुकत्याच पाचशे गाड्या ओढ्यातून गेल्यामुळे पाणी गढूळ झाले आहे, पुढे ककुत्था नदीचे पाणी निर्मळ आहे, असे आनंदाने सांगितले. तथागतांनी तीनदा पाणी मागितले. तिसऱ्यांदा आनंद गेला तेव्हा ओढ्याचे पाणी स्वच्छ वाहत होते. या प्रसंगात अतिसाराच्या रुग्णाची तहान आहे आणि रुग्णाला गढूळ पाणी कसे द्यावे ही परिचारकाची काळजीही आहे.

येथे दोन गोष्टी विशेष लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली, सुत्तकारांनी शास्त्याचा आजार लपवला नाही. एखाद्या दिव्य चमत्काराने त्यांचा अंत झाला असे न लिहिता, सामान्य माणसाला होतो त्या आजाराचे नाव घेतले. दुसरी, चुन्दाला कोणी दोष देऊ नये, त्याच्या मनाला पश्चात्ताप होऊ नये, यासाठी तथागतांनी त्या अवस्थेतही आनंदाला निरोप सांगून ठेवला.

५. आजारी भिक्षू आणि रुग्णसेवा

विनयपिटकातील महावग्गात आणखी एक प्रसंग आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातही तो घेतला आहे. एका भिक्षूला 'कुच्छिविकार' झाला होता. तो आपल्याच मलमूत्रात पडून होता. भगवान बुद्ध आनंदासह निवासस्थाने पाहत तेथे आले. तुझी सेवा करणारे कोणी नाही का, असे त्यांनी विचारले. मी भिक्षूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते माझी सेवा करीत नाहीत, असे त्याने सांगितले. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणवले. त्यांनी पाणी ओतले, आनंदाने त्या भिक्षूला धुतले. मग एकाने डोक्याकडून आणि दुसऱ्याने पायांकडून उचलून त्याला मंचकावर निजवले. नंतर भिक्षूंना एकत्र करून त्यांनी समजावले, की येथे तुमची काळजी घ्यायला आईवडील नाहीत. तुम्हीच एकमेकांची सेवा केली पाहिजे. ज्याला माझी सेवा करावीशी वाटते, त्याने आजाऱ्याची सेवा करावी, हा त्या उपदेशाचा आशय आहे.

ज्या देशात मलमूत्र उचलण्याचे काम जन्मावरून काही जातींच्या माथी मारले गेले, त्या देशात शास्त्याने स्वतः हे काम केले, याचे मोल शब्दांत सांगता येणार नाही.

याच प्रसंगाला जोडून तथागतांनी रुग्ण आणि परिचारक यांचे गुणदोष सांगितले आहेत. ज्या रुग्णाची सेवा करणे कठीण जाते त्याची पाच लक्षणे अशी : तो पथ्य पाळत नाही, पथ्यातही प्रमाण ठेवत नाही, औषध घेत नाही, आपला आजार वाढतो आहे, कमी होतो आहे की तसाच आहे, हे हितचिंतक परिचारकाला जसे आहे तसे सांगत नाही, आणि वेदना सहन करीत नाही. सेवेस अयोग्य परिचारकाची लक्षणे अशी : त्याला औषध तयार करता येत नाही, पथ्य-कुपथ्य कळत नाही, तो लाभाच्या आशेने सेवा करतो, मलमूत्र, थुंकी, उलटी काढण्याची त्याला किळस वाटते, आणि रुग्णाला धीर देणारे चार शब्द त्याला बोलता येत नाहीत.

यांतील रुग्णाचे चौथे लक्षण आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. आजार 'यथाभूत', जसा आहे तसा सांगणे, हे रुग्णाचे कर्तव्य मानले आहे. म्हणजे योग्य शब्द योग्य वेळी उच्चारणे हा नुसता भाषेचा प्रश्न नसून तो आचरणाचाही भाग आहे.

६. आजचा वैद्यकीय अर्थ

आधुनिक वैद्यकशास्त्रानुसार दिवसातून तीन किंवा अधिक वेळा पातळ अथवा पाण्यासारखे शौचास होणे, म्हणजे अतिसार. अंगावर पिणाऱ्या बाळाला वारंवार मऊसर शी होते, तो अतिसार नव्हे. शौचातून रक्त पडल्यास तो वेगळा प्रकार समजला जातो व त्याला डॉक्टरी उपचार लागतात. चौदा दिवस किंवा अधिक काळ चालला तर तो रेंगाळलेला अतिसार.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये दिलेल्या माहितीनुसार या आजाराने जगात दरवर्षी पाच वर्षांखालील चार लाखांहून अधिक मुले दगावतात. यांतील बहुतेकांना वाचवणे शक्य आहे. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचे पाणी तोंडाने पाजण्याचा मार्ग धरला. शंभरात तीसच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण तीन-चारवर आले. २०२२ साली त्यांचे निधन झाले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

हेच आजचे ओ. आर. एस. त्याचे पाकीट सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळते. ते जवळ नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवावे. मिठाचे प्रमाण वाढू देऊ नये. दोन वर्षांखालील मुलास प्रत्येक जुलाबानंतर साधारण पाव ते अर्धा कप, मोठ्या मुलास अर्धा ते एक कप, घोटघोट पाजावे. चोवीस तासांनंतर उरलेले टाकून द्यावे. 'पाणी दिले की जुलाब वाढतात' ही समजूत जीवघेणी आहे. अंगावरचे दूध व नेहमीचे हलके अन्न चालू ठेवावे. मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याने जस्ताच्या गोळ्याही चौदा दिवस देतात.

येथेही शब्दाचा खेळ झालाच. भरपूर साखर असलेली काही बाटलीबंद पेये 'ओ. आर. एस.' हे नाव लावून विकली जात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांवर हे नाव छापण्यास मनाई केली. म्हणून खरेदी करताना पाकिटावरील घटक वाचावेत.

७. कोणता शब्द केव्हा वापरावा?

विद्यार्थी मित्रांनी व माताभगिनींनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

(१) डॉक्टरांना 'पोट बिघडले' एवढेच सांगू नये. कधीपासून, दिवसातून किती वेळा, पाण्यासारखे की आव, रक्त आहे की नाही, उलटी होते का, हे सांगावे.

(२) 'आव', 'रक्त' हे शब्द लाजेखातर गाळू नयेत. उपचार त्यावरच ठरतात.

(३) डोळे खोल जाणे, रडताना अश्रू न येणे, लघवी कमी होणे, चिमटीत धरलेली कातडी सावकाश खाली बसणे, मूल सुस्त पडणे, पाणी पिऊ न शकणे, ही धोक्याची चिन्हे होत. अशा वेळी वाट पाहू नये. वाटेत पाणी पाजत दवाखाना गाठावा.

(४) घरातील वृद्धांना विचारावे लागते. ते आपणहून सांगत नाहीत, आणि त्यांच्या शरीरातील पाणी लवकर कमी होते.

(५) शाळेत एखाद्या मुलास हा त्रास झाल्यास त्याला हसू नये. हसल्यामुळे ते मूल पुढच्या वेळी सांगणार नाही.

(६) शौचानंतर व जेवणापूर्वी साबणाने हात धुणे आणि पावसाळ्यात पाणी उकळून पिणे, हे औषधापेक्षा स्वस्त आहे.

समारोप

अतिसार, हगवण, जुलाब, ढाळ, आव, पक्खन्दिका, कुच्छिविकार अशी या आजाराची नावे भाषेगणिक आणि काळागणिक बदलत गेली. यांतील प्रत्येक शब्दाला इतिहास आहे, आणि कोणताही शब्द हलका नाही. सभेत आपण 'अतिसार' म्हणावे, आईने घरात 'हगवण' म्हणावे, दवाखान्यात 'जुलाब' म्हणावे. पण जे आहे ते सांगावे आणि वेळेवर सांगावे. अडीच हजार वर्षांपूर्वी एका घाणीत पडलेल्या भिक्षूजवळ थांबून तथागतांनी त्याला काय झाले आहे हे विचारले, आणि त्यानेही ते सांगितले. आपल्या घरात व वस्तीत असे विचारणारे आणि सांगणारे वाढावेत. आपल्या संस्थेच्या प्रत्येक सभासदाने पावसाळा सुरू होण्यापूर्वी ओ. आर. एस.ची चार पाकिटे घरात आणून ठेवावीत आणि ती कशी वापरायची हे शेजारच्या एका घराला समजावून द्यावे, एवढीच या निमित्ताने नम्र विनंती.